उत्तरेची देवयानी

मुरलीधर गुप्ते यांनी आयुष्यात फारसे निर्णय घेतले नव्हते. ऑफिसात निर्णय साहेब घेत, घरी कल्पना घेई, आणि मधल्या वेळात मेट्रो जिकडे नेईल तिकडे मुरलीधरराव निमूट जात. पण त्या रविवारी सकाळी त्यांनी एक निर्णय घेतला. छोटासाच. मुलाचा फोन आलाय, तर आज आपण स्वतः त्याच्याशी बोलायचं!

यात निर्णय कसला, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी क्षणभर आपापल्या वडिलांना आठवून बघावं. सुयश मेलबर्नला गेल्यापासून बापलेकांचं फोनवरचं संभाषण तीन वाक्यांत आटपायचं. "हवा कशी आहे? पैसे आहेत ना? थांब, आईला देतो." त्यानंतर मायलेक तासभर बोलत आणि मुरलीधरराव पेपर वाचत. मनातून मात्र त्यांना फार वाटायचं, की पोराने एकदा, एकदा तरी, एखादी गोष्ट आधी आपल्याला सांगावी. मग आपण ती खिशात घालून दिवसभर हिंडावं आणि रात्री जेवताना सहज कल्पनाला म्हणावं, "का, तुला नाही बोलला? मला बोलला की." बस्, एवढीच महत्त्वाकांक्षा. प्रमोशनचीसुद्धा त्यांनी एवढी धरली नव्हती.

आता पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे तुमचा मुरलीधरराव होणार नाही. सुयशने मेलबर्नला एक दुर्बीण घेतली होती, चांगली गीझरएवढी. दक्षिण गोलार्धातून दक्षिणेचं आकाश असं झकास दिसतं, की लोक विमानाची तिकिटं काढून बघायला जातात. पण माणसाचा स्वभाव बघा! दिल्लीत भेंडीची भाजी ढकलून देणारा मुलगा परदेशात गेला की भेंडीच शोधत हिंडतो. तसं सुयशला तिथे बसून बघायचं होतं ते उत्तरेचं आकाश, जे तिथून धड दिसतच नाही. त्याच्या आकाश बघणाऱ्यांच्या क्लबात पुण्याचे एक खंडेराव काका होते. ते तारे मराठीतच शिकवायचे, दुसऱ्या भाषेत विचारलं तर त्यांना ऐकूच येत नसे. त्यामुळे दिल्लीत वाढलेला, कोथिंबिरीला धनिया म्हणणारा आमचा सुयश अँड्रोमेडा गॅलेक्सीला चक्क 'देवयानी दीर्घिका' म्हणू लागला. दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा. ही देवयानी तर आपल्या आकाशगंगेच्या जवळजवळ दुप्पट. आणि शर्मिष्ठा म्हणजे तिच्या शेजारचा, इंग्रजी डब्ल्यूसारखा दिसणारा तारकासमूह.

कल्पनाला हे सगळं ठाऊक होतं. तिने ते नवऱ्यालाही सविस्तर सांगितलं होतं, आणि नवरा पेपरमागून "हं" म्हणाला होता. (मुरलीधररावांचा 'हं' ज्या गोष्टीला मिळतो, ती गोष्ट त्यांच्या कानापर्यंत पोचलेली नसते. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण हे कल्पनाच्या अजून लक्षात आलेलं नाही.)

तर रविवार. कल्पना मासे आणायला आयएनए मार्केटला गेलेली. फोन वाजला, आणि नवल म्हणजे मुरलीधररावांचाच वाजला. सुयश!

"आई मासे आणायला गेलीय," त्यांनी घाईघाईने खुलासा केला.

"माहितीये बाबा. कसे आहात?"

"मी बरा. तिथे हवा कशी आहे?"

"छान. तिथे?"

"इथे कुठली हवा? इथे एक्यूआय."

दोघंही हसले. पुढचं वाक्य "आईला देतो", पण द्यायला आई नव्हती. मुरलीधररावांनी घसा खाकरला आणि धीर करून विचारलं, "मग? बाकी काय नवीन?"

"बाबा, देवयानी दिसली!"

मुरलीधरराव उभे होते, ते बसले.

"कोण दिसली म्हणालास?"

"देवयानी! काल. तीन महिने मागे लागलो होतो यार, शेवटी काल दर्शन दिलं."

"कुठे?" मुरलीधररावांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू येईना.

"शहराबाहेर, एका फार्मवर. शहरात काही चान्स नाही, लाइट फार. हिच्यासाठी बिल्कुल काळोख लागतो."

"काळोख लागतो..."

"जितका जास्त तितकं बरं. क्लबातले आठ-दहा जण होतो. सगळ्यांनी लाइन लावून बघितली."

मुरलीधररावांनी डोळे मिटले. पण मुलगा विश्वासाने सांगतोय, तेव्हा ओरडायचं नाही. मॉडर्न बाप व्हायचं. "मुलगी, म्हणजे, आहे कशी?"

सुयशला वाटलं, बाबा काय प्रेमाने विचारतायत! तो आणखीच रंगात आला. "खरं सांगू? फोटोत कसली भारी दिसते, आणि प्रत्यक्षात अगदीच फिकट."

"फोटोचं तसंच असतं रे," मुरलीधरराव अनुभवाने म्हणाले. "अंगाने?"

"प्रचंड! आपल्या जवळजवळ दुप्पट."

मुरलीधररावांनी खाली वाकून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात गुणाकार केला.

"पण उत्तरेची ना बाबा, इथे ती नीट वर येतच नाही. सगळा वेळ क्षितिजाला चिकटून. जरा सुटली असं वाटतं, की लगेच परत क्षितिजाकडे. तोच तर मेन प्रॉब्लेम आहे."

"म्हणजे हा क्षितिज आधीपासून आहे!"

"तो तर असणारच ना बाबा," सुयश हसला. "आणि शर्मिष्ठा इथून दिसतच नाही. तिच्यासाठी डिसेंबरात दिल्लीलाच येतोय. आपल्या गच्चीवरून काय मस्त दिसते! लहानपणी रोज बघायचो, तेव्हा नाव माहीत नव्हतं."

गच्चीवरून! मुरलीधररावांच्या डोळ्यांपुढून समोरच्या ब्लॉकमधल्या यच्चयावत बाल्कन्या सरकून गेल्या.

"आणि तिकडे अगदी उत्तरेच्या टोकाला दोन दीर्घिका आहेत. जोडीनेच असतात. त्यांच्यासाठी गाडी घेऊन पार इथल्या उत्तर किनाऱ्यावर, डार्विनपर्यंत जायचा प्लॅन आहे."

दीर्घिका! हे नाव मुरलीधररावांनी जन्मात ऐकलं नव्हतं. पण हल्ली लोक मुलींची काय वाट्टेल ती नावं ठेवतात. आणि दोन? एकाच नावाच्या? बहुधा आडनाव असावं. बहिणी असाव्यात. अरे देवा!

"बाबा," सुयशचा आवाज एकदम हळू झाला. "अजून एक सांगायचंय. खरं तर त्यासाठीच फोन केला. आई यायच्या आत, आधी तुम्हाला..."

"काही बोलू नकोस!" मुरलीधररावांनी हात वर केला. (फोनवर.) "एक अक्षर बोलू नकोस. मला सगळं समजलंय. आयुष्यभर फायलींत ओळींच्या मधलं वाचत आलोय मी. तू कशाची काळजी करू नकोस, मी बघतो. फक्त काळोखात जाणं आधी बंद कर!"

"बाबा, पण ऐका तर..."

मुरलीधररावांनी फोन ठेवला होता. त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला होता आणि त्याच वेळी छातीही फुगली होती. चार मुली! अनर्थ, अनर्थ! पण सांगितलं कुणाला आधी? बापाला!

आता अडचण अशी, की पुढच्या रविवारी चौबळ मंडळी जेवायला यायची होती. राजाभाऊ चौबळ गाझियाबादचे, मूळ पनवेलकडचे. त्यांची हेमांगी गुरगावच्या एका कंपनीत होती. गणपतीत मंडळाच्या आरतीला कल्पना आणि प्रभा चौबळ शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आणि आरती संपायच्या आत दोघींनी मुलांचे नंबर एकमेकींना देऊन टाकले होते. मुलांचं बोलणं सुरू झालं, आता मोठ्यांनी बसून पुढचं ठरवायचं होतं. (अख्खं मयूर विहार गुप्त्यांना गुप्ताजी म्हणतं आणि अख्खं गाझियाबाद चौबळांना चौबेजी. निदान एकमेकांना तरी खऱ्या आडनावाने हाक मारता येईल, म्हणून दोन्ही घरं या सोयरिकीवर खूश होती.)

मुरलीधररावांनी त्या रात्री सुरमईचा तुकडा ताटात टाकला. आजवर असं झालं नव्हतं.

"तब्येत बरी आहे ना?" कल्पनाने विचारलं.

"कल्पना, समजा आपली सून उत्तरेची असली तर?"

"म्हणजे यूपीची? गाझियाबाद यूपीतच येतं की. आता काय त्याचं? माणसं चांगली आहेत ना, मग झालं."

"आणि समजा अंगाने थोडी... दुप्पट असली तर?"

"अहो! आपण कुठले मोठे शेवग्याच्या शेंगा लागून गेलोय? पोरगी गोड आहे. नीट जेवा."

तिला काहीच कल्पना नव्हती. मुरलीधररावांना तिची दया आली. बिचारी! ज्या मुलाने तिला आजवर शिंकसुद्धा सांगितली, त्याने ही गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. दया आली खरी, पण खोटं कशाला बोला, तिच्या खालोखाल थोडी गुदगुलीही झाली. तिला सांगायचं नाही, आपणच निस्तरायचं. आणि चौबळांसारख्या सज्जन माणसांना अंधारात ठेवायचं नाही. सुयशच्या मित्रमंडळात आधीच काळोख बराच होता.

मंगळवारी ऑफिसात दांडी मारून ते वैशालीपर्यंत मेट्रोने आणि तिथून ई-रिक्षाने चौबळांच्या दारात हजर झाले. कल्पनाला सांगितलं होतं, मीटिंग आहे.

"अय्या, गुप्ते!" प्रभाबाईंनी दार उघडलं. "एकटेच? कल्पनाताई नाही आल्या? या, या. अहो, ऐकलंत का, कोण आलंय बघा!"

राजाभाऊ बाहेर आले. आतल्या खोलीत हेमांगी कानाला हेडफोन लावून घरूनच काम करत होती. चिवडा आला, करंजी आली, पाणी आलं. मुरलीधररावांनी फक्त पाणी घेतलं.

"राजाभाऊ, विषय जरा सेन्सिटिव्ह आहे."

"हुंड्याचं म्हणत असाल तर..."

"छे छे छे! भलतंच! मुद्दा असा, की सुयशचं दुसरीकडे आहे."

प्रभाबाईंच्या हातातली करंजी बशीत पडली.

"दुसरीकडे म्हणजे?" राजाभाऊंनी विचारलं.

"दुसरीकडे," मुरलीधररावांनी मान खाली घातली, "तिसरीकडे, आणि त्या दोघी जोडीने आहेत, त्या धरून चौथी-पाचवीकडे. हेमांगी पहिली धरली तर."

"म्हणजे चार?" राजाभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात संतापाबरोबर किंचित कौतुकही असावं, कारण प्रभाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते गपकन चिवडा खाऊ लागले.

हेडफोन गळ्यात अडकवून सगळं ऐकत असलेली हेमांगी आतून बाहेर आली. "काका, नावं काय त्यांची?"

मुरलीधररावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. किती शांतपणे विचारते ही पोर! "देवयानी," ते कसंबसं म्हणाले. "शर्मिष्ठा. आणि दोन दीर्घिका."

हेमांगी मटकन सोफ्यावर बसली. तिने ओढणी तोंडावर धरली आणि तिचे खांदे गदगदा हलू लागले.

"रडू नकोस बाळा," मुरलीधरराव कळवळून म्हणाले. "ती देवयानी काही एवढी खास नाहीये. फोटोतच बरी दिसते, प्रत्यक्षात फिकट. सुयश स्वतः म्हणाला. शिवाय आकाराने आपल्या दुप्पट."

खांदे आणखी जोरात हलू लागले.

"आणि टिकणारही नाही ते. ती सारखी क्षितिजाकडे जाते."

हेमांगीच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला आणि ती कुशनमध्ये डोकं खुपसून आडवी झाली. मुरलीधररावांना राहवेना. ते उठून उभे राहिले, डोळे भरून आलेले, आणि त्यांनी त्या मुलीसमोर हात जोडले. "माझ्या मुलाच्या वतीने मी तुझी माफी मागतो. आमच्या संस्कारांत कुठेतरी कमी पडलं असेल. माझ्याच पडलं असेल. मी कधी त्याच्याशी धड बोललोच नाही गं."

इकडे प्रभाबाई कपाळावर आठ्या घालून कल्पनाला फोन लावत होत्या. स्पीकर त्यांनी मुद्दाम चालू केला, साक्षीदार असावेत म्हणून.

"कल्पनाताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सुयशला म्हणे कोणी देवयानी..."

"दिसली का?" पलीकडून आनंदाची किंकाळी आली. "अगंबाई! दिसली शेवटी! बरं झालं बाई, तीन महिने नुसता झुरत होता पोरगा तिच्यासाठी."

प्रभाबाईंनी फोन तोंडाजवळ आणला.

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! मीच म्हटलं त्याला, हौस आहे ना, मग हात आखडता घेऊ नकोस. आणि शर्मिष्ठा काही तिथून मिळायची नाही, तर म्हटलं डिसेंबरात इथेच ये. गच्चीची किल्ली मी सेक्रेटरींकडून मागून ठेवलीय. हेमांगीलाही बोलवू या की! सगळे मिळून बघू."

"कल्पना!" मुरलीधरराव गरजले. "तू? तुझी याला संमती आहे?"

"अहो? तुम्ही? तुमची तर मीटिंग होती ना? आणि तिथे काय करताय?"

आता मात्र हेमांगीला उठावंच लागलं. हसून हसून तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. तिने आपला मोबाइल मुरलीधररावांपुढे धरला. फोटोत सुयश होता, शेजारी गीझरएवढी ती दुर्बीण, आणि पुढच्या फोटोत काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक पुसट पांढरा डाग.

"काका, ही देवयानी."

मुरलीधररावांनी चष्मा कपाळावर घेतला, परत डोळ्यांवर घेतला. "ही? हा तर डाग आहे."

"दीर्घिका आहे काका. गॅलेक्सी. तिकडे दक्षिणेत ती क्षितिजाच्या जेमतेम वर येते. क्षितिज म्हणजे होरायझन. आणि शर्मिष्ठा म्हणजे तारे, आपल्या गच्चीवरून दिसणारे."

"म्हणजे चारही आभाळात?" राजाभाऊंनी हिशेब जुळवायचा प्रयत्न केला. "मग जमिनीवर कोण आहे?"

"मी आहे की बाबा," हेमांगी म्हणाली आणि लाजली.

मग तिने सगळं सांगितलं. दोघांचं कधीच ठरलं होतं. घरी सांगायचं कसं, एवढंच राहिलं होतं. "सुयश म्हणाला, आईला तर मी सगळंच आधी सांगतो, ही एक गोष्ट आधी बाबांना सांगायची. म्हणून मुद्दाम काकू मासे आणायला जातात ती वेळ बघून तुमच्या फोनवर फोन केला त्याने. देवयानीपासून सुरुवात केली, म्हटलं जरा धीर येईल. आणि मग तुम्ही म्हणालात..."

"काही बोलू नकोस," मुरलीधररावांनी स्वतःच वाक्य पुरं केलं.

ते हळूच खाली बसले. जन्मभर ज्या एका गोष्टीची वाट पाहिली, ती दारात येऊन उभी होती आणि आपण तिच्या तोंडावर दार लावलं. त्यांना इतकं वाईट वाटलं, की समोरचा अख्खा चिवडा त्यांनी संपवला आणि त्यांना कळलंही नाही.

बाकी सगळं छानच झालं. हेमांगीचं ठरलं, रविवारचं जेवण झालं, बारीकसारीक बोलणीही झाली. फक्त एक झालं. त्या मंगळवारी, खुलासा व्हायच्या आधीच, चहा टाकायला म्हणून मधेच आत गेलेल्या प्रभाबाईंनी तेवढ्यात मंडळाच्या अहिल्याबाईंना एक फोन करून घेतला होता. त्यामुळे संध्याकाळपर्यंत दिल्लीतल्या समस्त मराठी घरांत गुप्त्यांच्या मुलाच्या चार मुलींच्या पाच झाल्या होत्या. मुरलीधरराव एकेकाला फोन करून समजावत बसले, "अहो, ती मुलगी नाही, गॅलेक्सी आहे, गॅलेक्सी!"

"हो का?" एकजण म्हणाले. "नोएडात राहते का?"

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन वाजला. पुन्हा मुरलीधररावांचाच. कल्पना स्वयंपाकघरात होती. मुरलीधरराव चोरपावलांनी बाल्कनीत गेले.

"बाबा, एकटेच आहात ना?" सुयश अगदी हळू बोलत होता. "एक गोष्ट सांगायचीय. आईला नाही सांगितली. हेमांगीलाही नाही. कुणालाच नाही."

मुरलीधररावांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं. या वेळी जीव गेला तरी मधे बोलायचं नाही, असं ठरवून त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"बाबा, देवयानी मला दिसलीच नाही. खरंच. दुर्बिणीला डोळा लावला, नुसता काळोख! खंडेराव काका म्हणाले, 'दिसली ना?' मागे लाइन उभी होती. पुढचे सगळे दिसली, दिसली म्हणत होते. मग मीही म्हटलं, दिसली. तो फोटोसुद्धा काकांचाच आहे. आता हेमांगी सगळ्यांना अभिमानाने दाखवतेय. मला झोप लागत नाही यार."

मुरलीधररावांनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला. पोरगं मन मोकळं करत होतं! त्यांच्यापाशी! "अरे वेड्या, होतं असं," ते गहिवरून म्हणाले. "ऑफिसात निम्म्या मीटिंगांत मी हेच करतो. तू निर्धास्त राहा. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायचा नाही."

"थँक्यू बाबा. आता हलकं वाटतंय."

मुरलीधररावांना वाटलं, हा फोन कधी संपूच नये. तरी मनातली गोष्ट त्यांनी विचारलीच. "सुयश, एक सांग. आई आहे, हेमांगी आहे. मग एवढी मोठी गोष्ट मला एकट्यालाच का सांगावीशी वाटली रे तुला?"

"अहो बाबा," सुयश मनापासून म्हणाला, "देवयानीबद्दल तुम्ही आता काहीही सांगितलंत, तरी कुणी विश्वास ठेवणार नाही."